वाटेवरच्या मुलखाचे वस्तुसंग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती महानगरातील घुमटाखालची भव्य इमारत. मुंबईत १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले, पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स आणि आता छत्रपती शिवाजी महाराज यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय हे या कल्पनेचे मूर्त रूप होय. खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली तेथे जातात. मुले रांगेने दालने पाहतात, मूर्ती, चित्रे आणि शस्त्रे यांच्यापुढे क्षणभर थांबतात आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडतात. अशी सहल निश्चितच उपयोगाची आहे. परंतु शहापूर वा मुरबाड तालुक्यातील विद्यार्थी ती पाहून परततो तेव्हा त्याच्या मनात एक समजूत नकळत दृढ झालेली असते. इतिहास नावाची गोष्ट दुसरीकडे कोठेतरी घडली, ती घडवणारी माणसे वेगळी होती आणि आपल्या गावाचा तिच्याशी काही संबंध नाही, अशी ती समजूत असते.

ही समजूत जितकी स्वाभाविक, तितकीच चुकीची आहे. शहापूर आणि मुरबाड हे तालुके म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधील उंबरठा. गेली दोन हजार वर्षे या उंबरठ्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे गेले, फौजा गेल्या, आगगाडी गेली आणि पाणीही गेले. जे गेले त्याची नोंद ते जेथे पोहोचले तेथे झाली. ज्या भूमीवरून ते गेले तिच्या वाट्याला फारतर एखादी तळटीप आली. म्हणूनच तालुक्याच्या गावी, भर बाजारपेठेत, एस.टी. स्थानकावरून पायी जाता येईल अशा जागी स्थानिक इतिहासाचे एक लहानसे संग्रहालय असणे ही हौसेची बाब नव्हे. ती या मुलखाची गरज आहे.

लहान संग्रहालयाचे मोठेपण

संग्रहालय मोठे असले तरच ते पाहण्याजोगे, हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या गजबजाटात, राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे जाणाऱ्याला सिंहासने आणि मुकुट भेटत नाहीत. त्याला भेटतात अडकित्ते, दिवे, दौती, वज्ऱ्या, फण्या, किसण्या, खेळणी आणि कोरीव दरवाजे. पेठेतील एखादी वृद्ध स्त्री अशा कपाटापुढे उभी राहते तेव्हा तिला माहितीपत्रकाची गरज भासत नाही. वस्तूचे नाव, तिचा उपयोग आणि ती कोणाच्या घरी होती हे तीच नातवंडांना सांगू लागते. प्रेक्षकच मार्गदर्शक होणे हे लहान संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते शहरातील नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज एक खेडे आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ज्या 'तगर' नगराचा उल्लेख आहे ते हेच, याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. या गावच्या पांढरीच्या मातीत मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि सातवाहनांची नाणी सापडत. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू चिकाटीने जमविल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच आहे आणि देशोदेशीच्या अभ्यासकांना परिचित असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्याच संग्रहात आहे. ती पाहण्यासाठी त्यांना तेरच्या वाटेला लागावे लागते.

तेरच्या उदाहरणाचे मर्म येथेच आहे. लामतुरे यांचा संग्रह गावाबाहेर गेला असता तर त्यातील काही निवडक वस्तू एखाद्या मोठ्या दालनात झळकल्या असत्या आणि उरलेल्या कोठाराच्या अंधारात गेल्या असत्या. ठाणे जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथील स्तूप उकरला तेव्हा त्यात सापडलेले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत नेण्यात आले. तेथे ते सुरक्षित राहिले, हे खरे. तरीही ज्या भूमीने ते दोन हजार वर्षे सांभाळले तेथील मुलांना ते पाहण्यासाठी मुंबई गाठावी लागते, हेही तितकेच खरे.

घाटवाटेचा आरंभ

शहापूर-मुरबाडच्या संग्रहालयाचा आरंभ कोठून करावा, याचे उत्तर नाणेघाटाने दिलेलेच आहे. या घाटाचा पायथा मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्यापाशी आहे आणि माथा पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे. ती मोजदाद अंकांत लिहिलेली असल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला अनन्यसाधारण स्थान आहे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, राणी नागनिका आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या. त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत.

दर रविवारी शेकडो तरुण हा घाट चढतात. दगडी रांजणाशेजारी छायाचित्र काढतात आणि उतरतात. भिंतीवरचा लेख त्यांच्यासाठी मुकाच राहतो. लेख जागचा हलविता येत नाही आणि हलवूही नये. परंतु पायथ्याच्या तालुक्यातील संग्रहालयात त्याचा ठसा, त्याचे मराठी भाषांतर, ब्राह्मी अक्षरांचा तक्ता आणि कल्याण बंदरापासून जुन्नर, पैठण व तेरपर्यंत जाणाऱ्या व्यापारी मार्गाचा नकाशा लावता येतो. एखादा विद्यार्थी तो तक्ता उतरवून घेईल, घाट चढेल आणि भिंतीवरचे एखादे अक्षर, एखादा अंक स्वतः वाचील. त्या एका वाचनाने त्याच्या मनात इतिहासाविषयी जे निर्माण होईल ते पाठ्यपुस्तकातील दहा पानांनी होणार नाही.

आसनगावच्या आगगाडीतून सुळक्यांच्या रांगेने ओळखू येणारा माहुली किल्लाही असाच ओळखीचा आणि तरीही अनोळखी आहे. निजामशाही वाचविण्याची अखेरची धडपड शहाजीराजांनी याच किल्ल्याच्या आश्रयाने केली आणि १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यामुळे ती संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत माहुली होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. हा भाग निदान पुस्तकांत आहे. परंतु उत्तर कोकणात वाटेच्या कडेला, शेताच्या बांधावर पडलेले वीरगळ, सतीशिळा आणि गधेगाळ यांचे काय? ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा माणसांची ती स्मारके आहेत. कोणी त्यांना शेंदूर फासतो, कोणी त्यांवर कपडे धुतो, तर कोणी त्यांचा घराच्या पायात वापर करतो. त्यांची साधी गावनिहाय यादी करणे, हेदेखील संग्रहालयाचे पहिल्या प्रतीचे कार्य ठरेल.

रूळ, नळ आणि तारा

आधुनिक काळातही या मुलखाचे प्राक्तन वाटेचेच राहिले. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५५ मध्ये लोहमार्ग वाशिंदपर्यंत आला, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत गेला आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये तो इगतपुरीला पोहोचला. सदतीस फुटांना एक फूट अशा चढावर रूळ टाकण्याचे हे काम स्थापत्यशास्त्रातील पराक्रम म्हणून गौरविले गेले. हा गौरव योग्यच आहे. पण डोंगर फोडणारे हात कोणाचे होते आणि स्लीपरांसाठी कोणती राने तुटली, याचा उल्लेख अभियंत्यांच्या नावांबरोबर क्वचितच होतो. मुरबाडला तर रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही. एकाच डोंगररांगेच्या पायथ्याशी नांदणाऱ्या दोन तालुक्यांचे बाजार आणि स्थलांतर रुळांच्या असण्या-नसण्याने कसे वेगळे घडले, हा स्थानिक इतिहासातील एक उत्तम विषय आहे.

रुळांमागून नळ आले. मुंबईसाठी तानसा धरणाचे पाणी १८९२ मध्ये वाहू लागले. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर उभे राहिले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी भातसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. आज मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते आणि त्यातील जवळजवळ निम्मे एकट्या भातसा प्रकल्पातून येते. मुंबईकराने सकाळी तोटी उघडली की शहापूर तालुक्याचा पाऊस त्याच्या बादलीत पडतो, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. या पाण्याची गणिते, नकाशे आणि अहवाल मुंबईच्या कार्यालयांत व्यवस्थित आहेत. पण पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावे, तेथील देवळे, तेथल्या वहिवाटीच्या वाटा, जमीन गेल्यानंतर हाती आलेले कागद आणि त्या कागदांमागे घालवलेली वर्षे यांचे दप्तर कोठे आहे? ते आहे वृद्धांच्या आठवणीत आणि घराच्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत. ही दोन्ही दप्तरे अल्पायुषी आहेत.

नळांनंतर तारा आल्या. १९४२ च्या आंदोलनात माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले आणि कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसे जमतात, मशाली पेटतात, हार घातले जातात. स्मरणाचा हा एक दिवस मोलाचा आहे. तथापि दस्त्याने मनोरेच का निवडले, वीज कोठून येत होती आणि कोठे जात होती, रानातील कोणत्या वस्त्यांनी भाकरी पुरविल्या आणि त्यांना त्याची कोणती किंमत मोजावी लागली, हे समजावून सांगणारा नकाशा वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांसाठी कोठेतरी लावलेला असावा लागतो.

राबाचा इतिहास

या सर्वांपेक्षा जुना आणि सर्वांत दुर्लक्षित इतिहास आहे तो शेत आणि रान यांचा. भाताची रोपे करण्यापूर्वी त्या तुकड्यावर शेण, झाडांची कवळ, गवत आणि पालापाचोळा यांचे थर देऊन ते जाळायचे, ही राबाची पद्धत येथील कुणबी आणि आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या चालविली. १८७८ च्या वनकायद्यानंतर कवळ तोडण्यावर निर्बंध आले आणि जी गोष्ट आजोबांचा हक्क होती ती नातवाचा गुन्हा ठरू लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढे राब हा वादाचा एक प्रमुख विषय होता. शेतकऱ्याच्या खांद्यावरचा कोयता आणि पाल्याचा भारा यांवरून सरकारी आयोग बसतो, ही घटना राजामहाराजांच्या कोणत्याही लढाईइतकीच ऐतिहासिक आहे.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे कातकरी, डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकविणारे ठाकूर आणि महादेव कोळी यांच्या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे आणि ती वेदनेची आहे. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेले धान्य सुगीत कितीतरी वाढून परत करावे लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी राबत आणि अशा माणसाला 'लग्नगडी' असे नाव होते. वेठबिगारीविरुद्ध जुन्या ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये उभा राहिलेला आदिवासींचा लढा सर्वश्रुत आहे. वेठबिगार कायद्याने संपविणारा अधिनियम १९७६ साली आला. या इतिहासाची साधने कोणती? पायली आणि अधोलीची मापे, सावकाराची वही, अंगठा उठविलेला कागद, कोयता अडकविण्याची कमरेची आकडी, इरले आणि कणगी. तलवारीच्या शेजारी हे माप ठेवले तर प्रेक्षकाला कळेल की माणसाला बांधण्यासाठी नेहमीच साखळदंड लागत नाहीत. त्याला अक्षरे वाचता येत नसली तर एक वहीसुद्धा पुरते.

या ठिकाणी संग्रहालयाचा प्रश्न निव्वळ सांस्कृतिक राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनीवर दावा सांगायचा, तर वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. २००८ च्या नियमांनुसार जुनी सरकारी कागदपत्रे आणि गॅझेटियर यांच्याबरोबरच घर, विहीर, दफनभूमी अशा प्रत्यक्ष खुणा आणि वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला जातो. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. गावाची स्मृती जपली नाही, तर काय गमावले जाते, याचे उत्तर या नियमात आहे. ज्या पाड्याचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्या पाड्याची जमीनही धोक्यात येऊ शकते.

काचेमागचा माणूस

अर्थात संग्रहालय उभारले म्हणजे सर्व साधले असे नव्हे. वाईट संग्रहालय हे संग्रहालय नसण्यापेक्षा अधिक अपाय करू शकते. आदिवासी जीवन दाखविण्याच्या नावाखाली प्लॅस्टरचे पुतळे, त्यांच्या अंगावर भडक रंगांची वस्त्रे, हाती तारपा आणि खाली 'आदिवासी नृत्य' एवढीच पाटी, असा देखावा अनेकदा पाहायला मिळतो. अशा देखाव्यात माणूस वस्तू होतो. त्याच्या नाचाचे कौतुक होते, त्याच्या कर्जाविषयी मौन पाळले जाते. त्याला काळाबाहेर उभे केले जाते, जणू त्याच्या आयुष्यात शाळा, एस.टी., वीटभट्टी आणि मोबाईल यांपैकी काहीच आले नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील जातीजमातींची तपशीलवार वर्णने आहेत आणि ती उपयुक्तही आहेत. पण ती राज्य करणाऱ्याने राज्य करण्यासाठी केलेली टिपणे होती. आजच्या संग्रहालयाने तीच दृष्टी पुढे चालविणे हे लाजिरवाणे ठरेल.

यावर उपाय एकच. पाटीवरचा मजकूर ज्याची वस्तू त्याला विचारून लिहावा. वस्तूचे नाव पुस्तकी नव्हे, त्या पाड्यातील बोलीत असावे. ती कोणी बनविली, कशापासून बनविली, तिला काय पडत असे आणि ती वापरातून का गेली, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक वस्तूखाली असाव्यात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण वस्तू नाहीशी होण्याचे कारण हाच बहुधा त्या काळाचा इतिहास असतो. पौष पौर्णिमेला भरणारी मुरबाड तालुक्यातील म्हशाची यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या यात्रेतील एक घोंगडे भिंतीवर टांगले आणि त्याखाली ते विणणाऱ्याचे शब्द लिहिले, तर लोकर, हातमाग, पाऊस आणि प्लॅस्टिकचा कागद यांची सारी कहाणी प्रेक्षकापुढे उभी राहील.

आक्षेप आणि उत्तर

ज्या तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे संग्रहालय कसले मागता, असा आक्षेप कोणीही घेईल. हा आक्षेप हेटाळणीवारी नेण्याजोगा नाही. विहीर आधी की संग्रहालय आधी, असा प्रश्न टाकला तर उत्तर विहीर हेच आहे. परंतु वस्तुस्थिती अशी की विहीर न मिळण्याचे कारण संग्रहालयावरचा खर्च हे कधीच नव्हते. धरणाच्या काठी तहान का, या प्रश्नाचे उत्तर १८९२ पासूनच्या इतिहासात आहे. तो इतिहास ज्यांना माहीत नाही त्यांना तहान हे नशीब वाटते. ज्यांना माहीत आहे त्यांना तो एका निर्णयाचा परिणाम आहे हे दिसते आणि निर्णय बदलता येतो हेही दिसते.

या संदर्भात अमेरिकेतील एका प्रयोगाची आठवण उद्बोधक ठरावी. राजधानी वॉशिंग्टनच्या अनाकॉस्टिया या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली स्मिथसोनियन संस्थेने एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात लहानसे संग्रहालय उघडले. या वस्तीतील मुलांना सर्वांत अधिक भेडसावणारी गोष्ट होती ती उंदीर. संग्रहालयाने १९६९ मध्ये उंदीर याच विषयावर प्रदर्शन भरविले. तो कोठून येतो, रोग कसे पसरवितो, तो याच वस्तीत का माजतो आणि त्याला आवर कसा घालावा, हे त्यात दाखविले होते. संग्रहालयाच्या जगात या प्रदर्शनाची नोंद झाली. वस्तीतील संग्रहालयाने वस्तीच्या प्रश्नापासून सुरुवात करावी, हा त्याचा धडा होता. शहापूरच्या संग्रहालयातील पहिले प्रदर्शन पाण्यावर असावे, हे या न्यायाने वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा की असली कामे शासनाने करावीत. शासनाची जबाबदारी नाकारण्याचे कारण नाही. तथापि १९८० च्या दशकात महाराष्ट्रात ठिकठिकाणी शासनाने हुतात्मा स्मारके बांधली आणि त्यांपैकी अनेक आज १५ ऑगस्ट व २६ जानेवारी वगळता कुलूपबंद असतात, हा अनुभवही विसरता येत नाही. इमारत शासन देऊ शकते, पण तिच्यात वावर निर्माण करणे हे गावाचे काम आहे. केळकर आणि लामतुरे यांनी आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशी अनुदान नव्हते. त्यांच्यापाशी होती ती वस्तूकडे पाहण्याची दृष्टी आणि ती उचलून जपण्याची चिकाटी.

आरंभ कोठून करावा

काम अवघड असले तरी अशक्य नाही आणि ते करू शकणारा वर्ग प्रत्येक तालुक्यात हजर आहे. प्राथमिक शिक्षक पाड्यापाड्यांत पोहोचलेला असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि शेरेबुकात गावच्या कित्येक दशकांची नोंद पडून असते. तहसील कचेरीतील कारकुनाला फेरफार आणि जुनी दप्तरे कोठे आहेत हे ठाऊक असते आणि वाळवीने कोणती खाल्ली हेही. महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या खिशात आज आवाज आणि चित्र दोन्ही टिपणारे यंत्र आहे. या तिघांनी मिळून एका वर्षात दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक गावाची एक वही तयार केली, तर संग्रहालयाचा पाया घातला गेला असे समजावे. त्या वहीत गावातील जुने दगड, विहिरी, देवळे, वापरातून गेलेली अवजारे आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांची निवेदने असावीत.

संग्रह करताना कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. भूमीत गाडलेला ठेवा सापडला आणि त्याचे मूल्य दहा रुपयांपेक्षा अधिक असले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती, कोरीव शिल्पे यांसारख्या वस्तूंची नोंदणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याने आवश्यक ठरविली आहे. म्हणून वीरगळ वा मूर्ती उचलून आणण्याचा उत्साह दाखवू नये. त्या जेथे आहेत तेथेच राखाव्यात आणि त्यांची छायाचित्रे व मोजमापे तेवढी आणावीत. घरगुती वस्तूंना मात्र असा अडसर नाही. त्या भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी कोणीतरी 'ही आम्हांला द्या' एवढे म्हणण्याचाच काय तो अवकाश आहे.

हा अवकाश दिवसेंदिवस आकुंचित होत आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचे ग्रामीण रूप प्रामुख्याने शहापूर-मुरबाडपुरते उरले. २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. आसनगावच्या आसपास इमारती उभ्या राहत आहेत, मुरबाडच्या माळावर कारखाने आले आहेत आणि शेतघरांच्या कुंपणांनी जुन्या वाटा अडविल्या आहेत. या बदलांना विरोध करणे हे संग्रहालयाचे काम नाही. बदलण्यापूर्वी येथे काय होते, हे सांगता येणे एवढेच त्याचे काम आहे.

मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या आणि त्यांचे कौतुक देशभर झाले. ते योग्यही होते. पण राब कसा भाजतात, कोणत्या दुष्काळात कोणते कंद खाल्ले, कोणते गाणे कोणत्या लग्नात म्हणत आणि कोणत्या सावकाराच्या वहीत कोणाचा अंगठा होता, हे सारे या वयाच्या स्त्रियांना ठाऊक असते आणि ते कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही. त्यांनी या वयात शिक्षकांकडून अक्षरे शिकून घेतली. आता शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्यापुढे वही उघडून बसण्याची पाळी आहे, आणि त्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.